नजरेचं माप

शाळेच्या फाटकासमोर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि पोराला घेऊन तिथं येणाऱ्या प्रत्येक आईला आधी गप्प बसायला शिकावं लागे. आता आईला गप्प बसवणं म्हणजे काय खायचं काम आहे? पोराला विचारावं, तुझं नाव काय, की नाव आई सांगणार, वय आई सांगणार, वर तो दूध पिताना कसा त्रास देतो हेही आईच सांगणार. मास्तर सगळं ऐकून घेत, मान डोलावत आणि पुन्हा पोराकडे वळून तोच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारत. पोर स्वतः तोंड उघडेपर्यंत मास्तरांच्या गळ्यातली टेप खाली येत नसे.

मास्तर बासष्ट वर्षांचे. अंगानं किरकोळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे खडू. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत आलेले. त्यांची एक पद्धत ठरलेली होती. पोराला लाकडी स्टुलावर उभं करायचं, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीत येतात. मग विचारायचं, टेप लावू का? हो म्हटलं तरच लावायची, कारण, मास्तर म्हणत, हात लावायच्या आधी विचारायचं असतं. मग पुढचे प्रश्न. मागच्या शर्टात कुठं काचत होतं? खिशात काय काय ठेवतोस? खरं सांग, मी कुणाला सांगत नाही. एकानं गोगलगाय ठेवतो असं सांगितलं, तर मास्तरांनी त्याच्या खिशाला आतून जाड अस्तर लावून दिलं आणि आईला सांगितलं, टिकाऊपणासाठी आहे. एक मुलगी टेपेला नाही म्हणाली. चार दिवस रोज आली, स्टुलावर चढली, नाही म्हणाली, उतरली. तिची आई रडकुंडीला आली, पण मास्तर ढिम्म. पाचव्या दिवशी पोरगी आपणहून म्हणाली, लावा.

आणि पोर बोलू लागलं की मास्तर ओठांत तीन-चार टाचण्या धरत. लोकांना वाटे, शिंप्याची सवय. पण खरं कारण वेगळं होतं. तोंडात टाचण्या असल्या की मध्ये बोलता येत नाही.

ही अक्कल त्यांना जन्मतः नव्हती बरं का. तिशीत असताना त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला शर्ट शिवून दिला होता. महिन्याभरात खिशाचा कोपरा फाटला. शिवून दिला, पुन्हा फाटला, पुन्हा तिथंच. आईनं पोराच्या पाठीत धपाटा घातला, मास्तरांनी कापडाला शिव्या घातल्या. तिसऱ्या वेळी कंटाळून त्यांनी मुलालाच विचारलं, अरे, तू नक्की करतोस तरी काय? तर तो डावखुरा. खिसा डाव्या छातीवर, आणि हा डाव्याच हातानं मनगट मुरडून पेन्सिल ओढून काढायचा. मास्तरांनी खिसा उजवीकडे लावला, काम फत्ते. तेव्हापासून विचारायचं व्रत घेतलं. ही गोष्ट ते येईल त्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगत. एक भाग मात्र गाळत, कारण तो त्यांना आठवतच नव्हता. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्गात होता. पहिल्यांदा खिसा फाटला तेव्हाच तो बाजूला उभा राहून म्हणाला होता की बाबा, हा डावखुरा आहे. त्यावर मास्तर खेकसले होते, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस.

तर असा दिव्याखाली अंधार. दुकानात माणूस लोण्यासारखा, आणि उंबरा ओलांडून घरात आला की फौजदार. दुकानात ‘सांग बाळा’ आणि घरात ‘मी सांगतो ते ऐक.’ घरी तोंडात टाचण्या नसत, हाच काय तो घोळ. आजी, म्हणजे त्यांची बायको, याला सरावली होती. हं हं म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. सून औषधांच्या दुकानात काम करायची, ती संध्याकाळी उशिराच यायची. मुलगा दुकानात कापड बेतायचा नि कापायचा. अठराव्या वर्षी शाळा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याच्या हातात कात्री दिली होती. चाळिशीला आला, तरी बापासमोर मूग गिळून बसायचा.

राहिली नात. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल गरगरीत, म्हणून मास्तरांनी तिचं नाव ठेवलं बटण. आता बटण नऊ वर्षांची, वर्षभरात शेवग्यासारखी उंच झालेली, पण आजोबांच्या लेखी ती बटणच. शाळा सुटली की ती दुकानात येऊन कपाटाशेजारी बसायची, गृहपाठ करायची आणि दोन्ही कान मापाकडे ठेवायची. कोण काय बोललं, आजोबांनी काय विचारलं, सगळं टिपून घ्यायची. मास्तरांना ती बसलेली असली की बरं वाटे. ती एखाद्या दिवशी आली नाही तर मशिनचा दोरा तुटायचा, सुई मोडायची, आणि सगळा दोष सुईचा असायचा.

त्या वर्षी बटणाच्या वर्गाला नव्या बाई आल्या होत्या. तरुण, मनापासून शिकवणाऱ्या, आणि पुढ्यात त्रेचाळीस पोरं. रोज सकाळी रांगेत गणवेश तपासायचा, हेही त्यांच्याच गळ्यात. आणि रोज एक शर्ट बाहेर लोंबत असायचा, तो बटणाचा. खोच म्हटलं की खोचायची, पाच मिनिटांत पुन्हा बाहेर. बाईंना वाटलं, पोरगी मुद्दाम करतेय. एका सोमवारी त्यांचा संयम सुटला. बाही धरून त्यांनी बटणाला रांगेतून पुढं ओढलं आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं शर्ट खोचून दिला. बटण एक पाऊल मागं सरली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हात लावायच्या आधी विचारायचं असतं.”

वाक्य दुकानातलं, जसंच्या तसं. पण दुकानात ते पोराच्या बाजूचं होतं, आणि इथं ते बाईंच्या तोंडावर जाऊन आदळलं. पोरं खिदळली. बाई लालबुंद झाल्या. प्रकरण मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत गेलं, आणि निकाल लागला. सगळ्या वर्गासमोर माफी मागायची, आणि मागेपर्यंत वर्गाबाहेरच्या बाकावर बसायचं. घरी चिठ्ठी आली: आपली मुलगी उलट उत्तरं देते, तरी योग्य ती समज द्यावी.

चिठ्ठी जेवणाच्या टेबलावर उघडली गेली. पोरीच्या बापानं तोंड उघडायच्या आत आजोबांनी उघडलं. उद्या जाऊन माफी मागायची, विषय संपला. बटणानं सुरुवात केली, पण आजोबा, माझा शर्ट... मास्तरांनी ताटलीवर चमचा आपटला. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, म्हणाले, शाळेच्या जिवावर आपलं घर चालतं, आणि माझ्याच नातीनं मला तोंडघशी पाडायचं?

बटण गप्प झाली. ती जी गप्प झाली ती झालीच. म्हणजे आजीशी बोलायची, आईबापाशी बोलायची, शेजारच्या मांजरीशीही बोलायची, पण आजोबा आले की तोंडाला कुलूप. माफी मागायलाही ती तयार नव्हती. शाळा सुटली की दुकानात न येता सरळ घरी जायची.

मास्तरांना बाकीचं सगळं सोसलं असतं, हे सोसेना. त्यात दुकानाच्या खिडकीतून शाळेचा व्हरांडा समोर दिसायचा आणि व्हरांड्यात तो बाक. पहिल्या दिवशी त्यांनी तिकडं पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी दर दहा मिनिटांनी पाहिलं. पोरगी ताठ बसलेली, मांडीवर दप्तर, येणारी-जाणारी पोरं तिला वाकुल्या दाखवणारी. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी एका शर्टाला उजवी बाही डावीकडे लावली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मुलानं ती पाहिली, उसवली आणि परत टेबलावर ठेवली.

त्या संध्याकाळी आजी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “अहो, काय झालं ते तिला विचारलंत का?”

“चिठ्ठीत सगळं लिहिलंय की.”

“चिठ्ठी बाईंनी लिहिलीय,” आजी म्हणाली, आणि घड्या कपाटात ठेवायला निघून गेली.

मास्तरांना रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. पण माणूस हट्टी. विचारायचं म्हणजे नमतं घ्यायचं, आणि घरात नमतं घ्यायची सवय नाही. सकाळी शाळेतून निरोप आला की येऊन जा. मुलानं निरोप ऐकला, कमरेचा ॲप्रन सोडला आणि खुंटीला अडकवला. मास्तर म्हणाले, तू दुकान सांभाळ, मी जाऊन येतो. मुलानं खुंटीवरचा ॲप्रन काढून पुन्हा कमरेला बांधला. पोरगी त्याची, पण त्याला कोण विचारतो?

मोठ्या बाईंच्या खोलीत फायलींचं कपाट होतं, भिंतीवर घड्याळ होतं आणि टेबलाच्या या बाजूला दोन खुर्च्या होत्या. एकीवर मास्तर बसले, दुसरीवर वर्गाच्या बाई. बटण कपाटाला टेकून उभी. मग पाव तास तिघं मोठी माणसं तिच्याबद्दल बोलली आणि तिच्याशी कुणीच बोललं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या की तुमचा नि शाळेचा चाळीस वर्षांचा संबंध, तुमच्या शब्दाला मान आहे, तुम्हीच हिला सांगा. वर्गाच्या बाई म्हणाल्या की मुलगी हुशार आहे, मला तिचा राग नाही, पण त्रेचाळीस मुलांसमोर अशी उत्तरं आली तर मी वर्ग धरायचा कसा? बोलताना त्यांचा आवाज कापला. चारेक रात्री त्यांनाही झोप लागली नसावी.

मास्तर नातीकडे वळले. तोंडात शब्द तयार होते, माफी माग आणि मोकळी हो. तेवढ्यात बटणानं कपाळावरचे केस मागं सारायला हात वर केला. आणि शर्ट फटकन बाहेर आला, कुणी न ओढता, आपोआप.

शिंप्याची नजर हो ती. माणसाच्या चेहऱ्याआधी शिवण बघते. त्यांनी पाहिलं, खांद्याची शिवण खांद्यावर नाहीच, ती मानेकडे चढलेली. बाहीचं टोक मनगटाच्या वर चार बोटं. आणि लांबी इतकी आखूड, की खोचायला कापडच शिल्लक नव्हतं. हा शर्ट त्यांनीच शिवला होता, गेल्या वर्षी. गावच्या सगळ्या पोरांना त्यांनी स्टुलावर उभं केलं, टेप लावली, विचारलं. घरच्या पोरीला मात्र कसलं माप? बटण तर आहे! बसल्या जागेवरून नजरेनं माप घेतलं होतं आणि ठोकून दिला होता. या वर्षी तर नवा शिवलासुद्धा नव्हता.



“शर्ट रोज बाहेर का येतो गं?” त्यांनी विचारलं. चार दिवसांत तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

बटण त्यांच्याकडे बघेना. ती टेबलावरच्या पेपरवेटला म्हणाली, “आखूड आहे.”

“कधीपासून?”

“दोन महिने झाले.”

“मग सांगायचं नाही का?” जुनी खोड, जीभ आपसूक वळली.

“सांगितलं होतं. दोनदा,” बटण पेपरवेटलाच म्हणाली. “तुम्ही म्हणालात, शिंप्याला शिवण शिकवू नकोस. पप्पाही म्हणाले होते, हिला नवा शिवू या. तर त्यांनाही तुम्ही तेच म्हणालात.”

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ते खुर्चीतून उठले आणि वर्गाच्या बाईंसमोर उभे राहिले. म्हणाले, बाई, शर्टाचा गुन्हा माझा. तिनं तो रोज खोचला, मीच तो खोचता येईल असा शिवला नव्हता. मोठ्या बाईंनी घसा खाकरला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, शर्टाचं ठीक आहे, पण बोलण्याचं काय? माफीचं काय?

“ते तिला विचारा,” मास्तर म्हणाले. “तिच्या वतीनं बोलून बोलूनच मी इथवर आलोय.”

वर्गाच्या बाई बराच वेळ त्या आखूड बाहीकडे बघत होत्या. त्यांनी आपली खुर्ची बटणाच्या बाजूला वळवली. म्हणाल्या, मलाही सांगितलं नाहीस तू. बटण म्हणाली की तुम्ही विचारलं नाहीत, खोच म्हणालात, म्हणून खोचला. यात उद्धटपणा शोधायचाच म्हटलं तर सापडला असता, पण बाईंनी शोधला नाही. त्या सरळ म्हणाल्या की सगळ्यांसमोर तुला ओढायला नको होतं, माझं चुकलं.

बटण विचारात पडली. मोठं माणूस आपल्याशी असं बोललं की काय करायचं, याची तिला सवय कुठून असणार? मग ती म्हणाली, “मी पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. बाजूला येऊन सांगायला हवं होतं.” आणि जरा थांबून, “पण सांगितलं असतंच.”

बाईंना हसू आवरेना. मोठ्या बाईंनी हसू दिसू नये म्हणून फाईल उघडली. म्हणाल्या की मग हेच दोघींनी वर्गात जाऊन सांगा, आणि तो बाक तिथून हलवायला सांगते मी.

मास्तर रस्ता ओलांडून एकटेच दुकानात आले. बटण वर्गात गेली होती, पण त्यांच्याशी ती अजूनही बोललेली नव्हती. जे बोलली ते पेपरवेटशी. दिवसभर त्यांच्या हातून धड काम झालं नाही. मुलानं एकदाच विचारलं, काय झालं? त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. शिंप्याला शिवण शिकवू नकोस, हेसुद्धा. मुलगा ऐकत राहिला आणि पुन्हा कापायला लागला.

शाळा सुटली. घंटा झाली तसे मास्तर मशिन थांबवून दाराकडे बघत बसले. पोरांचा लोंढा गेला, रस्ता रिकामा झाला, आणि मग बटण आली. दारातच थांबली. मास्तर उठून तिच्यापर्यंत गेले. मनात मोठं भाषण जुळवलं होतं, ते कुठल्या कुठं गेलं.

“माझं चुकलं, बटण,” ते म्हणाले. “शर्टाचं चुकलं, आणि तुझं ऐकून न घेता ओरडलो, ते जास्त चुकलं.”

बटणानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, खरं बोलतायत की आजीनं पाठवलंय. “बरं,” ती म्हणाली. दप्तर टाकलं, कपाटाशेजारी बसली आणि डब्यात उरलेला पाव खायला लागली. एका शब्दाचं ते उत्तर, पण मास्तरांचे डोळे भरून आले आणि चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं.

चष्मा पुसून डोळ्यावर चढवला तेव्हा समोर मुलगा होता, टेबलावर वाकलेला. पप्पाही म्हणाले होते, हे बटणाचं बोलणं सकाळपासून त्यांच्या डोक्यात घोळत होतं. वाक्य साधंच होतं, पण जिभेवर यायला वेळ लागला.

“तुला काही सांगायचं आहे का?” त्यांनी विचारलं.

मुलानं मागं वळून पाहिलं, दारात कुणी गिऱ्हाईक आलंय का म्हणून. कुणी नव्हतं. “मला?”

“तुलाच.”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दलही.”

मुलानं कात्री खाली ठेवली. बटण पाव चावायची थांबली. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत तो म्हणाला, “हे टेबल बुटकं आहे.”

टेबल मास्तरांनी स्वतःच्या कमरेच्या उंचीचं करून घेतलं होतं, दुकान काढलं तेव्हा. मुलगा उंचीनं बापाच्या डोक्याच्या वर गेला होता. बावीस वर्षं तो त्या टेबलावर वाकून कापत होता. आजी रोज संध्याकाळी त्याच्या पाठीला तेल चोळायची, आणि मास्तर रोज म्हणायचे, पोक काढून उभा राहतोस म्हणून दुखते, ताठ उभा राहत जा.

“मग इतकी वर्षं तू...” मास्तरांनी सुरुवात केली, आणि अर्ध्यातच जीभ आवरली. टाचण्या नव्हत्या तोंडात, तरी आवरली. कानामागचा खडू काढला आणि विचारलं, “किती उंच हवं तुला?”

“दोन बोटं वाढवलं तरी चालेल,” मुलगा पटकन म्हणाला, जास्त मागितलं की काय अशा आवाजात.

मास्तरांनी भिंतीवर खडूनं दोन लिहिलं. खडू हातात धरून ते थांबून राहिले. मुलगा सरळ उभा राहिला, पाठ मोकळी केली, आणि टेबलापासून आपल्या कमरेपर्यंतचं अंतर त्यानं पहिल्यांदाच नीट बघितलं.

“खरं म्हणजे सहा,” तो म्हणाला.

मास्तरांनी दोन पुसलं आणि सहा लिहिलं.